रस नाही

यंदा कडुनिंबाचा मोहोर आणि निवडणूक एकदमच आली. सकाळी गॅलरीत चहा घेऊन बसलं की खाली बारीक पांढऱ्या फुलांचा सडा, त्याचा कडवट गोड वास, आणि कोपऱ्यावरून वळणाऱ्या रिक्षावरचा भोंगा. सोसायटीच्या ग्रुपवर मतदानाला जोडून आलेल्या सुट्टीत कोकणात कोण कोण येणार याची यादी फिरत होती. तिच्याखालीच कुणीतरी ‘मतदान हा आपला हक्क’ असं फुलांचं चित्र टाकलं होतं. दोन्हींना सारखेच अंगठे आले होते.

निवडणुकीला तसा स्वतःचा ऋतू नसतो. ती पावसातही येते, थंडीतही येते. माझ्यापुरती मात्र ती कुठल्याही महिन्यात येवो, तिच्यासोबत एकच हंगाम येतो. सरती थंडी, उसाच्या ट्रॉल्या, रस्त्यावर सांडलेली चिपाडं आणि माझ्या खांद्यावरची कापडी शबनम. बाकी कुणाला त्यात काही दिसणार नाही. मला दिसतं, आणि मी चहा तसाच ठेवून आत जाते.

यंदा आत जाता आलं नाही, कारण त्या सकाळी वर्तमानपत्रात एक लेख आला होता. मतदान कमी का होतं यावर. लेखकाचा सूर समंजस होता. मध्यावर एक वाक्य होतं, की शहरालगतच्या वस्त्यांमधल्या स्थलांतरितांना, विशेषतः बायकांना, मतदानात मुळातच रस नसतो, हे एका जुन्या पाहणीतही दिसून आलं होतं. जुनी पाहणी म्हणजे आमच्या गद्रे मॅडमची. आणि ते वाक्य माझं. मी ते नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत, पंख्याखाली बसून, एका दुपारी तयार केलं होतं.

तेव्हा मी एम.ए.ला होते, राज्यशास्त्राला. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. निवडणुका तेव्हा पाठोपाठ येत, सरकारं टिकत नसत. इकडे सदाशिव पेठेत दर दुसऱ्या जिन्यावर कॉम्प्युटर क्लासची पाटी लागत होती. राज्यशास्त्र शिकणाऱ्या मुलीकडे लोक, लग्न ठरेपर्यंत वेळ घालवते आहे, अशा नजरेने बघत. मैत्रिणींची मोठी भावंडं अमेरिकेतून फोन करत आणि घरातले सगळे रिसीव्हरभोवती गोळा होत. मलाही वाटे, आपण चुकीच्या रांगेत उभे आहोत.

गद्रे मॅडम मात्र त्यांच्या विषयावर जीव टाकून होत्या. सुती साडी, डोळ्यांवर जाड भिंगं, बोलताना खडू बोटांत फिरवायची सवय. त्यांनी सोलापूर रस्त्यावरचं एक गाव निवडलं. म्हणायला गाव, पण वाढून शहर व्हायला निघालेलं. गावाचं नाव लिहीत नाही. गावाचा यात काही दोष नाही. तिथल्या लोकांचा राजकीय कल कुणाकडे आणि मतदानाला कोण जातं, कोण जात नाही, का जात नाही, हे शोधायचं होतं. एकदा निवडणुकीआधी आणि एकदा नंतर, त्याच घरांत जाऊन विचारायचं. आम्हा विद्यार्थ्यांना आळ्या वाटून दिल्या होत्या. माझ्या वाट्याला गावाबाहेरची वस्ती आली.

वडिलांना सांगितलं तेव्हा ते दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, “म्हणजे लोकांच्या घरचा चहा प्यायचा आणि मग ते मूर्ख आहेत असं इंग्रजीत लिहायचं. चांगलं आहे.”

आमच्या घरात राजकीय कल ही विचारायची गोष्ट नव्हती. तो पाटावरवंट्यासारखा आजोबांपासून घरातच होता. पण वडील मतदान कधी चुकवत नसत. सकाळी सातला इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत हजर, आणि परत आल्यावर चहा. पक्षाबद्दल बोलताना ते फार कडवट बोलत, रांगेबद्दल कधीच नाही. मी तेव्हा त्यांना जुनाट समजत होते.

वस्तीवर पहिल्यांदा गेले तो दिवस अजून अंगावर आहे. बसमधून उतरून कालव्याच्या कडेने चालत जायचं. गुळाच्या काहिलीचा वास, आणि त्यात मिसळलेला ओल्या मातीचा, शेणखताचा. आजूबाजूला फुलझाडांच्या रोपवाटिका होत्या. वस्तीतल्या बऱ्याच बायका तिथे काळ्या पिशव्यांत माती भरायला जात. माणसं कारखान्यात. बहुतेक वाशीम, बुलढाण्याकडून आलेली. पत्र्याची घरं, पण दारासमोर सारवलेलं, आणि रोपवाटिकेतून टाकून दिलेली झेंडूची रोपं डब्यांत लावलेली.

द्रौपदाबाई पहिल्याच घरात राहत होत्या. पस्तिशीच्या असतील. नखांत माती, कपाळावर मोठं कुंकू. मी फॉर्म काढला आणि शिकवल्याप्रमाणे विचारलं, “आपला कल साधारण कोणत्या पक्षाकडे आहे?”

“कल कशाचा वो बाई,” त्या म्हणाल्या. “आधी नाव तर लागू द्या यादीत. तिकडं गावाकडं नाव व्हतं, ते कापलं. म्हनले, तुमी इथं राहत नाई. इथं म्हनते, तुमी इथल्या नाई. मंग मी हाये तरी कुठं, सांगा बरं.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. मी विचारलं, एवढं काय आहे मतदानात? प्रश्न फॉर्मवर नव्हता, मला खरंच कुतूहल वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “गावात मत द्यायले जायची तवा धुतलेलं लुगडं नेसायची. पाटलाच्या बायकोच्या मांगं उभी राहायची रांगेत. तिचाबी एकच शिक्का, माहाबी एकच. वर्षभर कुठं तिच्या मांगं उभं राहायले भेटते?”

त्यांनी चहा केला. गूळ घातलेला, बशीतून. मी प्याले. वडिलांचं वाक्य आठवलं आणि मनातल्या मनात त्यांच्यावर रागावले.

निघताना जगदाळे गुरुजी भेटले. गावातल्या शाळेत शिकवत, आणि संध्याकाळी वस्तीतल्या बायकांचे कागदपत्र लिहून देत. किरकोळ बांधा, पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं. त्यांच्या हातात तपकिरी पाकीट होतं. वस्तीतल्या सतरा बायकांचे, यादीत नाव घालण्याचे अर्ज. गुरुजींनी स्वतः भरलेले, बायकांनी अंगठे उठवलेले.

“ताई, तुम्ही पुण्याला जाणारच,” ते म्हणाले. “एवढं कचेरीत द्याल का? मुदत आठ दिवसांत संपती. मला शाळेतनं सुट्टी गावंना.”

“देते की,” मी म्हणाले. “त्यात काय.”

खरंच त्यात काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले. रांग होती. अर्धा तास उभी राहिले. त्याच दिवशी एका कॉम्प्युटर क्लासची प्रवेश परीक्षा होती, दोन वाजता. दीड वाजला तशी मी रांगेतून बाहेर पडले. उद्या येऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी निकाल होता. मला प्रवेश मिळाला, घरी बासुंदी झाली. मग रविवार आला. मग एकदा कचेरीवरून बसने गेले, खिडकीतून रांग दिसली आणि उतरले नाही. पाकीट शबनममध्येच होतं. शबनम मी रोज खांद्याला लावत होते. विसरले असते तर आज निदान विसरले म्हणता आलं असतं. मी एक दिवसही विसरले नाही. आठवा दिवस गेला तेव्हा मला वाईट वाटलं, आणि त्याच्या मागोमाग थोडं मोकळंही वाटलं. सतरा मतांनी काय होणार आहे, असं मी स्वतःला सांगितलं. हे वाक्य आमच्या घरात कुणीच कधी उच्चारलं नव्हतं. माझं मला नवल वाटलं, की ते किती सहज जमलं.

मतदानाच्या दिवशी मी वडिलांबरोबर गेले. शाळेच्या व्हरांड्यात गारवा होता. बोटाला शाई लावून घेतली. दिवसभर ते बोट मी मैत्रिणींना दाखवत होते. संध्याकाळी वडील म्हणाले, “शाई झाली. आता हात धुऊन जेवायला बसा.” त्या सबंध दिवसात वस्ती माझ्या मनात आली नाही असं लिहायला मला आवडलं असतं. ती आली होती. मी ती बाजूला सारली.

चार दिवसांनी दुसऱ्या फेरीला जायचं होतं. त्याच घरांत, तेच लोक. मी बसस्टॉपपर्यंत गेले. बस आली, गेली. दुसरी आली. पहिलंच घर द्रौपदाबाईंचं, आणि त्या काय विचारतील हे मला ठाऊक होतं. मी घरी परत आले. आई भिशीला गेली होती. पंखा लावला, फॉर्म पसरले आणि भरायला बसले.

ती दुपार मला फार स्वच्छ आठवते. खाली बोहारणीची हाक, शेजारच्या वाद्यांच्या दुकानात कुणीतरी तबला लावत होतं. मतदान केलं का? नाही. का नाही? त्याखाली पाच पर्याय होते. बाहेरगावी होते, आजारी होते, वेळ मिळाला नाही, रस नाही, इतर. ‘इतर’वर खूण केली की खाली चार ओळी लिहाव्या लागत. त्या चार ओळींत काय लिहावं लागेल ते मला माहीत होतं. मी चौथ्यावर खूण करत गेले. अधूनमधून एखादी आजारी पाडली, एखादी बाहेरगावी धाडली, म्हणजे खरं वाटावं.  मला ते सोपं गेलं, आणि सोपं का गेलं हे कळायला मला पुढची कितीतरी वर्षं लागली. मला वाटत होतं, ही माणसं मला न विचारताही कळतात. चहा प्यायलेल्या घराबद्दलसुद्धा मला तसंच वाटत होतं.

मग ते फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचे होते. विभागात नुकतीच एक गार खोली झाली होती. चपला बाहेर काढून, देवळात जावं तसं आत जायचं. मी क्लास लावलेली, म्हणून ते कामही माझ्याकडे. इतरांचे फॉर्म खाडाखोडीचे होते, मातीचे डाग पडलेले, समासात काहीबाही लिहिलेलं. माझे एकसारखे. तक्ते छापून आले तेव्हा मॅडमनी ते हातात धरून बराच वेळ पाहिले. “बघा,” त्या बाकीच्यांना म्हणाल्या, “हिचं काम बघा. एक कॉलम रिकामा नाही.”

उन्हाळ्याच्या तोंडावर मॅडमनी निष्कर्ष मांडायला एक कार्यक्रम ठेवला. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांनाही बोलवावं असं त्यांचं मत होतं. म्हणून गावातले चारपाच लोक आले होते. तिसऱ्या रांगेत जगदाळे गुरुजी बसले होते. मी खांबाआडची खुर्ची धरली.

मॅडम बोलल्या. वस्तीतल्या बायकांची उदासीनता हा त्यांना सगळ्यात लक्षणीय मुद्दा वाटत होता. प्रश्नांची वेळ आली तेव्हा गुरुजी उठले. टोपी नीट केली.

“मॅडम, लहान तोंडी मोठा घास. पण त्या दिवशी मी शाळेतच ड्युटीवर होतो. वस्तीतल्या बाया सकाळी सातच्या आधी आल्या होत्या. धुतलेली लुगडी नेसून. यादीत नावं न्हाईत म्हणून माघारी गेल्या. रस नव्हता असं कसं म्हणावं?”

मॅडम खरंच विचारात पडल्या. त्या प्रामाणिक बाई होत्या, उत्तर उडवून लावणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सभागृहात नजर फिरवली आणि मला शोधून काढलं. “तू स्वतः घरोघरी गेली होतीस ना नंतर? काय सांगितलं त्यांनी?”

मी उभी राहिले. गुरुजी वळून माझ्याकडे बघत होते. ओळख पटल्यासारखे किंचित हसलेही होते. त्यांना वाटलं असणार, आता ही सांगेल.

“हो,” मी म्हणाले. “मी स्वतः गेले होते. रस नाही असंच म्हणाल्या.”

ते हसू तसंच राहिलं आणि मग हळूहळू उतरलं. “मग माझंच बघण्यात चुकलं असंल,” ते म्हणाले, आणि खाली बसले.

बाहेर चहाच्या टेबलापाशी ते माझ्याजवळ आले. आवाज अगदी हलका, कुणाला ऐकू जाऊ नये असा. “ताई, ते पाकीट दिलं होतं ना कचेरीत?”

“दिलं होतं.”

“पोच?”

“पोच देत नाहीत ते.”

“बरं,” ते म्हणाले. “राहिलं असंल त्यांच्याकडूनच.” कप बशीवर ठेवला, मला नमस्कार केला आणि गेले.

दोन वर्षांनी आम्ही पेठ सोडून कोथरूडला फ्लॅटमध्ये आलो. आवराआवरीत पाकीट निघालं. उघडलं. सतरा अर्ज, गुरुजींचं वळणदार अक्षर, खाली निळसर अंगठे. एकेका अंगठ्यावरच्या रेषा स्पष्ट होत्या. मी ते बारीक फाडले. अंगठ्यांमधून फाडताना थांबले असेन असं कुणाला वाटेल. मी थांबले नाही. खाली टेम्पो उभा होता.

पुढे सगळं चांगलंच झालं. मला हिंजवडीत नोकरी लागली, आणि काम कसलं, तर दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचं. पंचवीस वर्षं केलं. चांगली होते त्यात. माझ्या हाताखालची पोरं म्हणायची, मॅडमच्या नजरेतून काही सुटत नाही. न तपासता ‘तपासलं’ असं लिहिणाऱ्या एका मुलाला मी सगळ्यांसमोर इतकं बोलले होते, की तो जागेवर रडला. घरी येऊन मला जेवण गेलं नाही. नवऱ्याने कारण विचारलं, मी डोकं दुखतंय म्हणाले.

गद्रे मॅडम गेल्या. त्यांना सांगायचं राहिलं असं मी म्हणत असे. राहिलं नाही, मी ठेवलं. त्यांच्या घरी मी दिवाळीला जायची, आणि त्या प्रत्येक वेळी आल्यागेल्याला सांगायच्या, “माझी सगळ्यात काटेकोर विद्यार्थिनी.”

तर यंदा ते वाक्य छापलेलं पाहिलं. आधी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. चांगलं जमलं होतं पत्र. वाचताना माझ्या लक्षात आलं, की मी त्यात स्वतःला बरीच बरी दाखवली आहे. ते पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली आणि सोलापूर रस्त्याला लागले.

कालवा आहे, पण त्याच्या कडेने आता डांबरी रस्ता आहे. रोपवाटिकांच्या जागी मोठाले टॉवर. वस्ती मात्र आहे. पत्र्यांच्या जागी विटांची घरं, वर काळ्या टाक्या. द्रौपदाबाई दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर लसूण सोलत बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, कुंकू नाही. मी ओळख सांगितली.

“नाई आठवत वो,” त्या म्हणाल्या. “लई पोरी यायच्या फायली घेऊन.”

मी अर्जांचं विचारलं. ते मात्र त्यांना आठवत होतं. “माहं नाव लागलं मागून. सून आली तवा. तिनं केलं फोनवर. पह्यले तर त्या मास्तरनं फसवलं आमाले. म्हने अर्ज देल्ले, अन् देल्लेच नाई. मी पोलिंगच्या दिवशी शाळेच्या फाटकात सगळ्याइसमोर बोलली त्याले. मास्तर, आमचे अंगठे काय पुसाले घेतले का तुमी?”

“ते काय म्हणाले?”

“काई नाई. म्हने, चूक माही हाय. मंग वस्तीनं त्याच्याकडं कागद नेनं सोडलं. संध्याकाळी यायचा बिचारा, पारावर बसून जायचा.”

पोलिंगचा दिवस. म्हणजे सभेत माझ्याकडे बघून ते हसले, तेव्हा हे सगळं त्यांच्यावर होऊन गेलं होतं. माझं नाव त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते फाटकात घेतलं नाही, सभागृहातही घेतलं नाही.

आणि हे ऐकून मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहायलाच हवं. मला सुटल्यासारखं वाटलं. या बाईला मी आठवत नव्हते. उठून, नमस्कार करून, गाडीत बसता आलं असतं. सुनेने चहा आणला. तो मी संपवला, आणि मग सांगितलं. सगळं, रांगेपासून फाडण्यापर्यंत. लसूण सोलणं थांबलं. सून दारातच उभी राहिली.

द्रौपदाबाईंनी लसूण बाजूला सारला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “मास्तर तर गेला. तीन वर्सं झाली.” मग सुनेला म्हणाल्या, “जाय, मास्तरीन बाईले बोलाव. म्हन, अर्ज फाडनारी इथं बसलेलीच हाय.” आणि मला, “तुमी उठू नका.”

गुरुजींच्या पत्नी आल्या. बारीक, ताठ, चष्मा दोऱ्याने बांधलेला. समोरच्या ओट्यावर बसल्या. मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. मी माफी मागितली. त्यांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. ऐकून झाल्यावर चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला.

“मला म्हणाले होते एकदा,” त्या म्हणाल्या. “पाकीट एका पोरीपाशी दिलं होतं. नाव विचारलं तर सांगितलं न्हाई. म्हणाले, लहान हाय ती, शिकती.”

वस्तीतल्या दोनचार बाया जमल्या होत्या.  गुरुजींच्या पत्नींनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे.

“ते असते तर जाऊ द्या म्हणाले असते. मी न्हाई म्हणणार.”